सहा चाळीसच्या सुमारास

कोल्हापूर
१६ मे २०२५

ऋतुराज,

आज सकाळी सहाला उठलो. दूध आणलं. नीलम्माच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या आणल्या. दुपारी पडलो, पण झोप लागली नाही. संध्याकाळी सव्वासहाला माडीवर गेलो, संगणक चालू केला आणि सहा पस्तीसला बंद केला. गेल्या सहा महिन्यांत घरात असताना असं मी पहिल्यांदाच केलं.

कारण काल समोरचा उदयसिंह येऊन गेला. दारातूनच ओरडत आला, "आण्णा, रक्षिताचा गेम पुण्यात गाजतोय की! हे बघा, ऋत्या काय झ्याक बोलतोय." नीलम्मा चटणीचे डबे पुसत होती. म्हणाली, "गेम गाजू दे, आधी चप्पल काढ."

त्याच्या मोबाईलवर तुझा व्हिडिओ होता. तू काळा शर्ट घातला होतास. मागे मोठ्या पडद्यावर आपला बोळ दिसत होता. तू लोकांना सांगितलंस की हा खेळ दोघांनी मिळून कोल्हापुरात एका माडीवर चार वर्षं बसून केला. त्यात एक बोळ आहे आणि चाळीस माणसं राहतात. जिंकायचं-हरायचं काही नाही. प्रत्येकाला भूक दिली आहे, झोप दिली आहे, लाज दिली आहे, कोणी मदत केली ते लक्षात ठेवायची सवय दिली आहे, आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं आहे. रक्षिताचं नाव तू दोनदा घेतलंस. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग पडद्यावर माझं चित्र आलं. पांढरा सदरा, तिसरी पायरी. शेवटच्या घरातून निळ्या ओढणीची मुलगी आली आणि माझ्या शेजारी बसली. तू म्हणालास, "आख्ख्या गेममध्ये मी लिहिलेला हा एकच प्रसंग. रक्षिताच्या वडिलांसाठी लिहिला. ते रोज बघतात. त्यांना अजून माहीत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजल्या.

उदयसिंह म्हणाला, "आण्णा, हे तुम्हीच न्हवं?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. "वैनी, चहा टाका की," म्हणाला. त्याच्या हातात चहाचा अर्धा कप होता.

व्यासपीठावर माणूस काहीबाही बोलतो. म्हणून मी लेखी विचारतो आहे. ११ नोव्हेंबरला ती मुलगी आपणहून उठून आली की तू तिला उठवलंस? एवढ्याचंच उत्तर दे. बाकी मला काही विचारायचं नाही.

शिवाप्पा

कोल्हापूर
२३ मे २०२५

ऋतुराज,

काल पत्र्यावरचं पाणी खाली उतरायची नळी तुंबली होती, ती काढून साफ केली. सकाळ त्यात गेली. दुपारी तुझा फोन आला तो नीलम्माच्या मोबाईलवर. मी बाहेरच्या खोलीतच होतो. ती मागच्या दारी जाऊन बोलली. आत आल्यावर म्हणाली, "पोरगं रडत हुतं." मी विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "रडत हुतं म्हणून सांगितलं की."

मी एकाच गोष्टीचं उत्तर मागितलं होतं. तू फोनही मला केला नाहीस. तेव्हा तूच तिला उठवलंस असं मी धरतो.

माझं काम काय होतं ते तुला ठाऊक आहे, पण तू ते विसरला असशील तर लिहितो. एकतीस वर्षं मी बंधाऱ्यावर नदीची पातळी लिहिली. दगडात बसवलेली पट्टी असते. तिच्यापाशी जायचं, पाणी कुठं आहे ते बघायचं, फूट आणि इंच लिहायचे, वेळ लिहायची. माझे पहिले साहेब सांगायचे की जाणं जमलं नाही तर जागा रिकामी सोडा, पण न बघितलेला आकडा लिहू नका. रिकाम्या जागेनं कोणी बुडत नाही.

रक्षितानं हेच बघून मला त्या कामाला लावलं. मी निवृत्त झालो त्या वर्षी म्हणाली, "आप्पा, दिवसातनं एक तास वर येऊन बसा. बोळात तुमचं एक माणूस केलंय, ते पायरीवर बसंल. तुम्ही फक्त बघा आणि जे दिसंल ते लिवा." बोळातलं घड्याळ तिनं आपल्या घड्याळाला जोडलं होतं. इथं सहा वाजले की तिथंही सहा. मी जुन्या पद्धतीची वही केली. तारीख, वेळ, काय दिसलं, सही.

पहिलं वर्ष तुमच्या खेळात काय काय व्हायचं! चाळीस माणसांना मिळून सहाच चेहरे होते, कारण चित्रं काढणारा परवडत नव्हता. धोंडुबाई भाजीवाली आणि हवालदार यांचा चेहरा एकच, फक्त कपडे वेगळे. चहाचा कप कोणाच्या हातात बसायचा नाही, हाताशेजारी तरंगायचा. पाऊस पडला की घरातही पडायचा. एक माणूस तीन दिवस भिंतीत चालत होता. मी तिन्ही दिवस लिहिलं, "अद्याप भिंतीत." रक्षिता हसून हसून खाली बसली होती.

मग ती नोंद आली. तेव्हा मी दुपारी चारला बसायचो. वही समोर घेऊन उतरवतो आहे.

"४.१०. पाऊस. आखाड्यातले वस्ताद आणि धोंडुबाई एका पत्र्याखाली. बोलले नाहीत. ४.२५ पाऊस थांबला. ४.३१ पर्यंत दोघे तिथेच."

रक्षितानं ती वाचली आणि तुला हाक मारली, "ऋत्या, हे बघ, पाऊस थांबल्यावर थांबलेत दोघं! आपण सांगितलंच न्हाय त्यांना थांबायला!" तू खाली जाऊन पीठभरल्या हातांच्या नीलम्माला बळंच वर आणलंस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाऊस थांबलाय तर घरला जायाचं सोडून बावळटावानी उभी का हाईत?" त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की मलाही हसू आलं. त्या दिवशी तू आमच्याकडेच जेवलास. मलकापूरला तुझ्या घरी निरोप द्यायला मीच फोन केला होता.

पुढे तुला वाटलं की लोकांना कंटाळा येईल. तुझं म्हणणं होतं की रोज संध्याकाळी वस्तादांना चिखलात घसरवू, म्हणजे बघणारे हसतील. त्यावर तुमचं भांडण झालं आणि रक्षितानं भिंतीवर खडूनं लिहिलं, "कुणाला ढकलायचं नाही." खाली तिनं सही केली, तुझीही घेतली. गेल्या दिवाळीत रंग काढताना नीलम्मानं रंगाऱ्याला त्या भिंतीला हात लावू दिला नाही. तुझी सही अजून तिथं आहे.

निळ्या ओढणीची मुलगी तिनं स्वतःवरून केली होती. तिला लाज सगळ्यांत जास्त दिली होती. "तुमच्यावर गेलीय आप्पा," म्हणायची. ती मुलगी दारात उभी राहायची, आत जायची. कोणाशेजारी बसायची नाही. मी विचारलं होतं की माझ्या पायरीवर कधी येईल का. रक्षिता म्हणाली, "मी काय सांगणार न्हाय तिला. वाटलं तर येईल." मी म्हटलं, "आणि नाही वाटलं तर?" म्हणाली, "तर न्हाय."

शेवटचे सव्वीस दिवस ती दवाखान्यात होती. मी तिथून संध्याकाळी घरी येऊन तासभर वर बसायचो आणि रात्रीचा डबा घेऊन परत जायचो. ती रोज विचारायची, "आली का ती पायरीवर?" मी रोज "नाही" सांगितलं. शेवटच्या दिवशीही नाहीच सांगितलं. तू खाटेच्या पायथ्याशी उभा होतास आणि ऐकत होतास. मला तिला हो म्हणता आलं असतं.

मी तिच्याशी खोटं बोललो नाही आणि वहीतही जसं दिसलं तसंच लिहिलं. तिला जाऊन आठ महिने झाल्यावर तू नवी आवृत्ती पाठवलीस, आणि सहाव्या दिवशी ती मुलगी दारातून निघून माझ्यापर्यंत आली. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगत नाही. तू ते पुण्यात भर सभेत सांगितलंस.

शिवाप्पा

कोल्हापूर
१ जून २०२५

चि. ऋतुराज,

दोन दिवस घरात बोलणं बंद आहे. आज नीलम्मानं चटणीच्या बरण्या भरल्या. एक तुझ्या नावानं बाजूला ठेवली आहे. ती पाठवायची की नाही हे मी ठरवलेलं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की वहीत जसं दिसलं तसंच लिहिलं. ते खरं नाही.

तुझं उत्तर येईना म्हणून गुरुवारी नोव्हेंबरपासूनची वही काढून बसलो. ११ नोव्हेंबरला लिहिलं आहे, "६.४०. निळी ओढणी आली. शेजारी बसली. ६.५१ उठून गेली." १२ ला तेच. १३ ला तेच. १४ तारखेपासून मी लिहिलं आहे, "६.४० च्या सुमारास आली. थोडा वेळ बसली." पुढे सगळीकडे सुमारास आणि थोडा वेळ.

एकतीस वर्षांत मी सुमारास हा शब्द लिहिलेला नाही. नदी कधी सलग चार दिवस एकाच इंचावर राहत नाही. चौथ्या दिवशी तोच आकडा आला की आम्ही पट्टीवरचं शेवाळ खरवडून बघायचो, नाहीतर लिहिणाऱ्याकडे बघायचो. रोज सहा चाळीस आणि रोज अकरा मिनिटं, हे मला तिसऱ्या दिवशीच दिसलं होतं. म्हणून मी घड्याळाकडे बघायचं सोडलं. तू मला फसवलंस हे खरं आहे. पण वही माझी आहे आणि त्यात अक्षरही माझं आहे.

हे नीलम्माला सांगावं असं वाटलं. तसं मी तिला फार सांगत नाही. शुक्रवारी ती स्वयंपाकघरात तिखट चाळत होती, तेव्हा दारात उभा राहून म्हणालो, "ऋतुराजनं तिला रोज ढकलून बसवलं, आणि मला कळत होतं."

ती चाळणी हलवतच म्हणाली, "त्या पोराला आणि पत्रं लिहू नका. त्येनं केलं न्हाय ते."

मी म्हटलं, "त्यानं स्वतः सांगितलंय."

"केलं त्येनं. पर सांगितलं मी."

तिनं चाळणी खाली ठेवली.

"आठ म्हैनं तुम्ही त्या डब्याम्होरं बसून तिच्या दाराकडं बघत हुता. ती भाईर यायची न्हाय, आणि तुम्ही खाली येऊन ताटावर नुसतं बसायचा. अंगावरचा सदरा लोंबाय लागला हुता. मी काय करायचं? मला तो गेम कळत न्हाय. पोराला फोन लावला आणि म्हटलं, बाबा, तुझ्या हातात असलं तर तिला एकदा आणून बसीव त्यांच्याजवळ. त्यो न्हायच म्हणत हुता. भितीवर सही हाय म्हणत हुता. मी म्हटलं, सही पुसतो मी, तू बसीव."

मी विचारलं, "सहा चाळीस कोणी सांगितलं?"

"मीच की. तुमची सायकल त्याच टायमाला यायची न्हवं?"

ऋतुराज, हे तुला माहीत नसेल. मी संध्याकाळची पातळी लिहून सायकलनं घरी यायचो, तेव्हा रक्षिता दाराच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली असायची. सहा-सात वर्षांची असल्यापासून. मी सायकल लावायचो आणि तिच्या शेजारी बसून बूट काढायचो. आम्ही काही बोलत नव्हतो. मग ती माझी पिशवी घेऊन आत जायची. मला वाटतं तिनं खेळातली पायरी त्यावरूनच घेतली. माझ्या आयुष्यात कोणी काही न सांगता, काही न मागता माझ्याजवळ येऊन बसलं असेल तर ती. मी हे नीलम्माला बोलून दाखवलं. म्हटलं, "ती तेव्हा आपणहून यायची. ते तू असं वापरायला नको होतंस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आपणहून? तुमाला बघून ती आत पळायची. तुम्ही बोलत न्हाय, ती बोलत न्हाय. दोघं घरात आणि मी एकटीच भितीसंगं बडबडतो. हाताला धरून मी बसवत हुतो तिला. बस हितं, आप्पा येतील, पिशवी घे त्यांच्या हातातनं, म्हणून."

"रोज?"

"रोज."

"किती दिवस सांगावं लागलं?"

"मोजलं न्हाय मी," ती म्हणाली. "ते तुमचं काम."

आणि तिनं पुन्हा चाळणी हातात घेतली. तिचे डोळे लाल होते, पण समोर तिखट होतं, त्यामुळे मला काही सांगता येत नाही.

तुझ्यावर राग धरणं सोपं होतं. आता कुठपर्यंत मागे जायचं ते कळत नाही. दोन दिवस मी तेच करतो आहे. ती दहावीला असताना बसायची, तेव्हा तर नीलम्मा तिला हाताला धरून बसवत नसणार. की आवाज देत असेल? एकदा तिला ताप होता तरी ती बसली होती. ते कोणी सांगितलं असेल? रक्षिता असती तर विचारलं असतं. पण ती असती तर मी विचारलं नसतं, हेही खरं आहे.

शिवाप्पा

कोल्हापूर
१० जून २०२५

चि. ऋतुराज यास आशीर्वाद,

नीलम्मा शनिवारी संकेश्वरला तिच्या अक्काकडे गेली. आठ दिवसांत येते म्हणाली. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली आहे, गोळ्या केव्हा, दूध केव्हा, नळाला पाणी केव्हा. स्टँडवर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "बरणी पाठवा त्याची." आज सकाळी ती कुरिअरनं पाठवली. झाकण मेणानं बंद केलं आहे, तरी आडवी ठेवू नकोस.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. हातानं लिहिलंस हे बरं केलंस. तू कुठंही नीलम्माचं नाव घेतलं नाहीस, सगळं स्वतःवर घेतलंस. ते मी लक्षात ठेवीन. पण सभेत का सांगितलंस, याचं उत्तर त्यात नाही. दार लावून केलेली गोष्ट एक असते आणि टाळ्यांसाठी सांगितलेली वेगळी. ते माझ्या मनातून एवढ्यात जाईल असं वाटत नाही. जाईल तेव्हा कळवीन.

तू लिहिलं आहेस की खेळ दिवाळीला बाहेर येणार आहे, तो विकणाऱ्या कंपनीच्या लोकांना तो प्रसंग सगळ्यांत जास्त आवडला आहे, तरी आप्पा सांगतील तसं करीन. मग सांगतो. तो काढून टाक. मुलगी राहू दे, पायरी राहू दे, पायरीवर मला ठेवायचं असेल तर तेही ठेव. तिला तिच्या दारात सोड. बघणाऱ्यांना कंटाळा आला तर येऊ दे.

वहीचं काम चार दिवस चाललं होतं, ते काल पूर्ण झालं. खात्यात चूक खोडायची पद्धत ठरलेली होती. रबर वापरायचं नाही, चुकीवर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि आजची तारीख, म्हणजे मूळ काय लिहिलं होतं तेही वाचता येतं. १४ नोव्हेंबर ते १५ मे, मधले चार दिवस लग्नाला गेलो होतो ते सोडून, सगळ्या नोंदी तशा दुरुस्त केल्या. सुमारास खोडलं, ६.४० लिहिलं. थोडा वेळ खोडलं, ११ मिनिटे लिहिलं. शेवटच्या रकान्यात एक शब्द जादा लिहिला, "बसवली." ती अकरा मिनिटं तू कुठून आणलीस हे मात्र मला कळलेलं नाही. सहज आठवलं तर लिही.

रक्षितानं एका पेनड्राइव्हवर जुनी आवृत्ती ठेवली होती. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "आप्पांची. हात लावू नये." उदयसिंहाच्या पुतणीनं, प्रेरणानं, ती चालू करून दिली. शनिवारपासून मी तीच बघतो आहे. चेहरे पुन्हा सहाच झाले आहेत. पाऊस पुन्हा घरात पडतो. प्रेरणा म्हणाली, "काका, हे बिघडलंय की." मी तिला म्हटलं, "असू दे."

शनिवारी मुलगी बाहेर आली नाही. रविवारी दारात दोन मिनिटं उभी राहिली. काल आली नाही.

आज सहापासून बसलो होतो. ६.१२ ला वस्ताद पायरीसमोरून गेले, कप शेजारी तरंगत होता. ६.२५ ला धोंडुबाईनं पाटी खाली ठेवली, जरा टेकली, पुन्हा उचलली. ६.४० ला घड्याळ बघितलं. लिहिलं, "६.४०. तिसरी पायरी. कोणी नाही." सही केली. त्यानंतरही बसून राहिलो. तासाचं काम सातलाच संपतं, आणि दार अजून उघडं दिसत होतं.

६.५३ ला ती दारात आली. बोळाकडे तोंड करून उभी राहिली. पायरीकडे बघत होती की धोंडुबाई गेली त्या बाजूला, ते या चित्रांत कळत नाही. त्यामुळे ते लिहिलं नाही. ६.५६ ला आत गेली.

खाली नळ सुटल्याचा आवाज आला. एरवी नीलम्मा हाक मारते, "पाणी आलंय, ऐकू येत न्हाय व्हय?" कागदावर तिनं साडेसात लिहिलं आहे, आज लवकर आलं. मी वही मिटली, संगणक तसाच चालू ठेवला आणि खाली गेलो. पहिलं गढूळ पाणी सोडून दिलं. मग घागर लावली, कमरेला टॉवेल खोचला आणि ती काठापर्यंत भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.